क्राइम सिरियलमध्ये प्रश्न कोण विचारतं?

आमच्या सासूबाईंना आधीच कळतं. एपिसोड सुरू होऊन दोन मिनिटं झालेली नसतात, त्या मेथी निवडत बसलेल्या असतात, चष्म्यावरून एकदा टीव्हीकडे बघतात आणि म्हणतात, "ही जाणार बघ." एकदा विचारलंच मी, आई तुम्हाला कसं कळतं हो, तर म्हणाल्या, "अगं केस मोकळे, घरात एकटी, आणि गाणं गुणगुणत आरशात बघतेय. आपण कधी बघतो का असं आरशात? आपण बघतो तोंडाला पीठ लागलंय का."

सिनेमा-सिरियलमध्ये बाई कशी दाखवतात, पुरुष कसा दाखवतात ह्यावर जगभर जाडजाड पुस्तकं आहेत आणि त्यातलं निम्मं आईंच्या ह्या एका वाक्यात आलं. उरलेलं निम्मं मी सांगून बघते. प्रोफेसर वगैरे नाहीये मी, पण दिवसभर हेच बघते, पोटासाठी. ठाण्यात चरईला राहते आणि घरून सबटायटलचं काम करते. त्यातही ऐकू न येणाऱ्यांसाठीची जी सबटायटलं असतात, आमच्यात त्याला एसडीएच म्हणतात, त्यात बोललेलं वाक्य तर लिहायचंच पण आवाजपण लिहायचे, चौकोनी कंसात, दार आपटतं, कुत्रा भुंकतो, बाई किंचाळते. एका ओळीत ४२ अक्षरं, आणि एका वेळी दोनच ओळी. अशा मापात दिवसभर बसलं की कोण किती बोलतं ते आपोआप दिसायला लागतं हो.

मध्ये एका सिरियलचं काम आलं होतं, नाव सांगता येत नाही, सही करून घेतात. त्यात जिचा खून होतो त्या मुलीच्या वाट्याला अख्ख्या एपिसोडमध्ये चार ओळी. पहिली "कोण आहे?", दुसरी "कोण आहे तिथे?", आणि उरलेल्या दोन कंसातल्या, एक जोरात श्वास आणि एक किंचाळी. संपली ती. त्यानंतर पाऊण तास फक्त इन्स्पेक्टर बोलतोय आणि त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह. टाइप करून करून बोट दुखलं. म्हणजे प्रश्न तिनेही विचारला होताच की, पण तिला उत्तर मिळालं सुऱ्याचं आणि ह्याला मिळालं माणसांच्या तोंडचं.

तिथे माझ्या डोक्यात बसलं ते असं. क्राइमची गोष्ट ही प्रश्नांवर चालते. लव्हस्टोरीत कोण कोणाकडे बघतं ते महत्त्वाचं, क्राइममध्ये कोण कोणाला विचारतं ते. ज्याच्याकडे विचारायचा हक्क, त्याच्याकडे ताकद. ज्याला उत्तर द्यावंच लागतं तो खाली. आणि जी उत्तर देऊच शकत नाही, कारण मेलीय, ती सगळ्यात खाली, टेबलावर. त्यामुळे सिरियलमध्ये बाया किती आहेत हे मोजून फार काही कळत नाही, त्यातली विचारते कोण हे बघा.

जेंडर म्हणजे काय हे आधी एका वाक्यात सांगते कारण ह्यावरून उगाच भांडणं होतात. शरीर बाईचं की पुरुषाचं ही एक गोष्ट, आणि बाईने असं वागायचं, बाप्याने तसं वागायचं, हा रडणार नाही, ती रात्री बाहेर जाणार नाही, हे जे आपण सगळ्यांनी मिळून वाटून दिलेलं असतं ते जेंडर. पडद्यावर तेच वाटप दिसतं, फक्त मोठं करून.

मेलेल्या सुंदर मुलीचं हे वेड जुनं आहे. एडगर अॅलन पो, ज्याला डिटेक्टिव्ह कथेचा बाप म्हणतात, त्याने १८४६ मध्ये एका निबंधात लिहून ठेवलंय की सुंदर स्त्रीचा मृत्यू हा जगातला सगळ्यात काव्यमय विषय. लिहिणारा बाप्या, मरणारी बाई, काव्य कोणाचं ते समजून घ्या. १९९० मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'ट्विन पीक्स' आलं, त्यात लॉरा पामर नावाच्या मुलीचं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत पाण्याकाठी सापडतं आणि मग सगळी सिरियल तिच्याभोवती फिरते, आणि त्यानंतर जगात इतक्या सिरियल मुलीच्या प्रेताने सुरू झाल्या की विचारू नका. १९९९ मध्ये गेल सिमोन नावाच्या बाईने, कॉमिक्सची भक्त, पुढे स्वतः लेखिका झाली, एक यादीच केली. एका सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये १९९४ साली हिरोच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं दाखवलं होतं, त्यावरून तिने यादीला फ्रिजमधल्या बाया असं नाव दिलं. म्हणजे अशा बाया ज्यांचं गोष्टीत एकच काम, मरायचं, म्हणजे हिरोला राग येईल आणि तो कामाला लागेल. आपल्याकडे फ्रिज कशाला लागतोय, हिरोची बहीण कॉलेजला निघाली आणि राखीचा सीन दहा मिनिटांपूर्वी झालेला असला की समजायचं.

आणि 'देवमाणूस' आठवा, २०२० मध्ये झी मराठीवर आलेलं, सातारा जिल्ह्यातल्या एका खऱ्या प्रकरणावरून सुचलेलं. गावातला डॉक्टर, खोटा, एकामागून एक माणसं मारतो, बहुतेक बायाच. मालिकेचं नाव त्याचं, चेहरा त्याचा, गप्पा त्याच्याच. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये चर्चा व्हायची, तो आज कसला हसला ना. मारलेल्या बायांची नावं विचारा, दोनसुद्धा सांगता येणार नाहीत कोणाला. मलाही नाही. नंतर त्यात एसीपी दिव्या सिंग आली, म्हणजे विचारणारी बाई आली, पण तोवर आपण त्याच्या घरात राहायला गेलो होतो.

आता थोडे आकडे, पण पटकन. संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हेविषयक कार्यालयाने २०१९ मध्ये खुनांवर मोठा अहवाल काढला होता. २०१७ साली जगात साधारण ४ लाख ६४ हजार खून झाले, आणि मारल्या गेलेल्यांत दहापैकी आठ पुरुष. टीव्ही बघून कोणाला वाटेल का हे? पण त्याच अहवालात पुढे आहे की त्या वर्षी ज्या साधारण ८७ हजार बाया मारल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त नवरा, जोडीदार किंवा घरच्याच कोणीतरी मारल्या. म्हणजे पुरुष मरतो तो बहुतेकदा बाहेर आणि बाई मरते घरात, ओळखीच्याच हातून. सिरियलवाले काय करतात, दोन्ही उलटं. बाई जास्त मारतात, आणि ती अंधाऱ्या पार्किंगमध्ये, अनोळखी माणसाकडून, हातमोजे घातलेल्या. आपल्याकडचं बघायचं तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धचे ४ लाख ४५ हजार २५६ गुन्हे नोंदलेत आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा. त्यावर सिरियल काढली तर हातमोज्यांचा सीन टाकणार कुठे? त्यात बॅकग्राउंडला फक्त कुकरची शिट्टी. आणि टीव्हीसमोर बसलेल्या घराला ते बघवणार नाही, कारण ते घर टीव्हीतही दिसेल.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लॉरा मल्वी नावाच्या ब्रिटिश अभ्यासक बाईंचा १९७५ मध्ये 'स्क्रीन' ह्या मासिकात एक लेख आला, तिथून पुरुषी नजर हा शब्दप्रयोग सगळीकडे गेला. लेख वाचायला महाकठीण आहे, मी तीनदा सोडला, पण मुद्दा साधा आहे. कॅमेरा जिथे ठेवतात तिथे आपण उभे असतो. आणि बहुतेक सिनेमात तो अशा जागी असतो जिथून एक पुरुष एका बाईकडे बघतोय, त्यामुळे बघणारी बाई असली तरी ती त्याच्याच डोळ्यांनी बघते. तुम्हीच बघा, पडद्यावर पुरुषाचं प्रेत असलं की चादर वर करतात, चेहरा, चादर खाली, पुढचा सीन. बाईचं असलं की पायाच्या नखांपासून कॅमेरा निघतो, पैंजण, मग सावकाश वर, जसा घोडबंदर रोडचा ट्रॅफिक. मेल्यावरही तिला बघून घेतात. आणि पाठलागाचा सीन तर बहुतेकदा पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावरून, म्हणजे आपण तिच्या मागे धावतोय, तिच्याबरोबर नाही.

मग विचारणाऱ्या बाया कधी आल्या? १९८५ ला दूरदर्शनवर 'करमचंद' होता, गाजर खाणारा डिटेक्टिव्ह, त्याची असिस्टंट किटी. किटीने तोंड उघडलं की तो तिला गप्प करायचा आणि आपण खदाखदा हसायचो, मीसुद्धा, लहान होते. गंमत म्हणजे किटीचे प्रश्न अगदीच बावळट नसायचे. मग चारच वर्षांत, १९८९ ला, 'उडान' आलं. कविता चौधरींनी लिहिलं, दिग्दर्शित केलं आणि कल्याणी ह्या पोलीस अधिकारी बाईचं कामही स्वतः केलं, आणि गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून, कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या डीजीपी, म्हणजे राज्याच्या पोलीस प्रमुख झाल्या, देशातल्या पहिल्या महिला डीजीपी. आई सांगतात की 'उडान' लागलं की पोळ्या थांबायच्या. आणि त्यानंतर १९९८ ला 'सीआयडी' येतं, आपले शिवाजी साटम एसीपी प्रद्युमन, जीव ओवाळून टाकावा असा माणूस, पण तिथे बघा, वीस वर्षं तो, दया आणि अभिजित तेच, आणि बाई इन्स्पेक्टर बदलत राहिल्या, एक गेली दुसरी आली, घरात मिक्सर बदलतात तशा. दरवाजे दया तोडणार. ती मागे पिस्तूल धरून उभी.

इंग्लंडमध्ये १९९१ ला 'प्राइम सस्पेक्ट' आलं, हेलन मिरेन त्यात जेन टेनिसन, खुनाचा तपास करणारी मोठी अधिकारी, आणि हाताखालचे पुरुष तिला अधिकारी मानायलाच तयार नाहीत. तिथून पुढे जगभर एक नमुना पडला तो असा की बाई तपास करेल, हुशार असेल, पण त्याचा दंड भरेल. घरी नवरा तोंड पाडून बसणार, पोराचा ताप नेमका त्याच रात्री चढणार, आई फोन करून लग्नाचं विचारणार. मी ह्याला मनातल्या मनात तपासाचा जीएसटी म्हणते. पुरुष पोलिसाचंही घर मोडतं की, पण त्याचं मोडलेलं घर त्याच्या छातीवर मेडलसारखं चमकतं, बिचारा ड्युटीसाठी जगला. तिचं मोडलं की तो तिचा गुन्हा.

'दृश्यम'चं हिंदी, २०१५ चं, निशिकांत कामतांचं, आमच्या घरी निदान सात वेळा झालंय. दहा वर्षं झाली, आता गोष्ट फोडल्याचा राग धरू नका. तब्बू त्यात आयजी मीरा देशमुख, राज्यातली एवढी मोठी अधिकारी, प्रश्न विचारायचा सगळा हक्क तिच्याकडे. पण सिनेमा तिला आधी आई करतो, आणि तीही अशा मुलाची ज्याने एका मुलीचा आंघोळीचा व्हिडिओ काढून तिला धमकावलं. त्यामुळे तिचा प्रत्येक प्रश्न आपल्याला छळ वाटतो आणि आपण त्या मुलीच्या बापाच्या, अजय देवगणच्या बाजूने श्वास रोखून बसतो, त्याने रचलेली दोन आणि तीन ऑक्टोबरची खोटी हकिकत पाठ करत. सिनेमा कसला बांधलाय, त्यात वादच नाही. पण जिचा व्हिडिओ काढला आणि जिच्या हातून बसलेल्या फटक्याने तो मुलगा मेला त्या अंजूला पुढे कोणी विचारतं का, तुला झोप लागते का गं म्हणून? बाप सगळं सांभाळतो, तिने फक्त पाठ केलेलं बोलायचं. म्हणजे विचारणारी बाई आहे, उत्तर देणाऱ्याही बायाच आहेत, आणि प्रश्नही बापाला आधीच माहीत आणि उत्तरंही बापाचीच.

ह्याच्या उलट 'दहाड', २०२३ चं, सोनाक्षी सिन्हाचं, मला मनापासून आवडलं, थोडं लांबवलंय तरी. राजस्थानात ठिकठिकाणच्या मुली एकेक करून नाहीशा होतायत, नंतर कुठल्यातरी सार्वजनिक संडासात विष घेतलेल्या सापडतायत आणि एवढ्या मुली जाईपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही. का? कारण कोणी विचारलंच नाही. घरच्यांनी ठरवून टाकलं, पळून गेली, तोंड काळं केलं, विषय बंद. हुंडा देता येत नाही म्हणून लग्न राहिलेल्या मुली, पळाली तर एक प्रश्नच मिटला. आणि विचारायला उभी राहते ती अंजली भाटी, बाई आणि वर दलित, पोलीस ठाण्यात ती समोरून गेली की एक सहकारी उदबत्ती लावतो. कोणी काही बोलत नाही. ती चालत राहते. तो सीन दहा सेकंदांचा असेल, पण तेवढ्यात कळतं की बाई बाईमध्येपण फरक असतो, सगळ्यांना एकच जेंडर लावून चालत नाही.

पळून गेली वरून सांगते. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींची भाची एकदा रात्री घरी आलीच नाही, फोन बंद. मी गेले बरोबर, जवळच्याच एका पोलीस ठाण्यात, कुठलं ते राहू दे. टेबलावर जे साहेब होते त्यांनी पेन उघडायच्या आधी विचारलं, "कोणाबरोबर गेली?" मावशी गप्प. खाली मान. परत, "अहो सांगा ना, कोणाबरोबर?" बाजूला कॉम्प्युटरवर एक महिला शिपाई होत्या, टाइप करता करता त्यांनी नुसतं एवढंच विचारलं, "जेवून गेली होती का हो मावशी?" आणि मावशींना कंठ फुटला. नाही जेवली, डबा तसाच आहे, चार्जर पण घरीच, सकाळी रिझल्ट लागला तेव्हापासून बोलतच नव्हती. दुसऱ्या दिवशी पोरगी सापडली, अंबरनाथला आत्याकडे, नापास झाली म्हणून घाबरून गेलेली, एकटीच. बाई असली की चांगलेच प्रश्न विचारते असं माझं म्हणणं नाहीये, ह्याच्या बरोबर उलटंही बघितलंय मी. पण पहिल्या प्रश्नात मुलगी आरोपी होती आणि दुसऱ्यात हरवलेली. देशभरातल्या पोलीस दलात बाया अजून शेकडा बाराच्या आसपास आहेत, आपल्या राज्यात भरतीत ३० टक्के राखीव जागा असूनसुद्धा त्या टेबलावर बसलेल्या क्वचित दिसतात.

बाय द वे, ज्या सिरियलमध्ये रात्री दोन वाजता बाईला जीपमध्ये घालून आणतात ना, तसं करता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अगदी अपवाद म्हणून, महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. आणि साक्षीदार म्हणून नुसती चौकशी असेल तर तिला पोलीस ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी तिच्या घरी जायचं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले त्यातही हे तसंच आहे. सिरियलमध्ये हे दाखवत नाहीत कारण पिवळ्या बल्बखालची खुर्ची जाते.

जेंडर म्हटलं की सगळे बायांबद्दलच बोलतात, पण पुरुषाचं काय करतात हेही बघा जरा. 'अर्धसत्य', १९८३, गोविंद निहलानी, पटकथा तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. ओम पुरी त्यात अनंत वेलणकर, बाप हवालदार, बायकोला मारणारा, आणि त्या बापाने पोराला जबरदस्तीने पोलिसात घातलेलं. वेलणकरला वर काहीच करता येत नाही, रामा शेट्टी ह्या गुंड पुढाऱ्याला हात लावता येत नाही, मग तो राग निघतो कोठडीतल्या एका भुरट्यावर, आणि तो मरतो. सिनेमात दिलीप चित्र्यांची कविता आहे, तिच्यात तराजूच्या एका पारड्यात नपुंसकता आहे आणि दुसऱ्यात पौरुष. चाळीस वर्षं झाली, अजून कोणी पोलिसाच्या मर्दपणाबद्दल एवढं खरं दाखवलेलं मला तरी आठवत नाही. नंतरच्या सिनेमांनी दुसरं पारडं काढूनच टाकलं आणि कोठडीतल्या मारावर शिट्ट्या वाजवायला शिकवलं.

त्यातला रामा शेट्टी म्हणजे आपले सदाशिव अमरापूरकर. त्यांनीच १९९१ मध्ये 'सडक'मध्ये महारानी केली, तृतीयपंथी, कुंटणखाना चालवणारी, क्रूर. काम जबरदस्त, फिल्मफेअरचं खलनायकाचं पहिलंवहिलं बक्षीस त्यांनाच. पण कितीतरी लोकांनी पडद्यावर पहिल्यांदा मोठी तृतीयपंथी व्यक्ती पाहिली ती ही, राक्षस. पुढे कित्येक सिनेमात खुनी वेडसर दाखवायचा असला की त्याला काजळ लावायचं, साडी नेसवायची, झालं, लोक घाबरले. तेच बक्षीस 'गुप्त'साठी काजोलला मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. त्यात ती खुनी, आणि हेतू काय तर प्रेम. पुरुष खुनी पैशासाठी मारेल, सत्तेसाठी मारेल, उगाचच मारेल, बाई मात्र प्रेमात वेडी होऊनच मारणार, म्हणजे गुन्ह्यातसुद्धा तिला स्वतःचं काही काम नाही. म्हणून मला 'अंधाधुन'मधली तब्बू आवडते. तिला कशाचं दुःखच नाही, एक खून लपवायला दुसरा, दुसरा लपवायला तिसरा, बँकेची कामं उरकावीत तशी.

आणि 'दिल्ली क्राइम', २०१९ चं, दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या तपासावरचं, २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळालेलं. त्यात अत्याचार दाखवलेलाच नाही. डीसीपी वर्तिका हॉस्पिटलमध्ये जाते, मुलीला बघते आणि कॅमेरा वर्तिकाच्या चेहऱ्यावर राहतो. दिग्दर्शक पुरुष आहे, रिची मेहता, म्हणजे पुरुषाला जमत नाही असंही नाही. पोलिसांची बाजू जास्तच गोड केलीय असं माझं मत, पण कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्यांना कळलंय.

मग प्रश्न येतो की आम्ही बाया हे सगळं बघतो तरी का. दुपारी आमच्या मजल्यावर तीन घरांतून एकच खुनाचं म्युझिक ऐकू येतं. २०१० मध्ये अमँडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत अभ्यास केला होता, त्यात खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं पुरुषांपेक्षा बायांनाच जास्त ओढून घेतात असं दिसलं, आणि त्यातही जिथे सुटायची युक्ती सांगितलेली आहे ती जास्त. मला हे शंभर टक्के पटलं, कारण आई एपिसोड बघतात तो शिकवणी म्हणून. दाराला साखळी लावूनच उघडायचं, कुरियरवाला असला तरी. रिक्षाचा नंबर पोरीला पाठवायचा. गॅसवाल्यासमोर घरात एकटी आहे असं म्हणायचं नाही, आतल्या खोलीकडे तोंड करून अहो म्हणून हाक मारायची, सासरे जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्या मारतात.

परवा मी त्या चार ओळींवाल्या मुलीच्या एपिसोडच्या फाइलचा शेवटचा भाग करत होते, इयरफोन काढून ठेवलेले, आवाज मोठा. इन्स्पेक्टरने आरोपीला पकडलं, पुरावा टेबलावर आपटला, म्युझिक. आई म्हणाल्या, "काय गं, त्या मुलीचं नाव काय होतं?" मी म्हटलं थांबा, सांगते. आठवेना. फाइलमध्ये वर वर जात राहिले, लाश, बॉडी, व्हिक्टिम, लडकी, परत बॉडी. शेवटी आठव्या मिनिटाला सापडलं, शेजारीण एकदाच म्हणते. वैशाली. "बरं," आई म्हणाल्या, आणि मेथीचे देठ कचऱ्याच्या डब्यात टाकायला उठल्या.